जुन्या मोटारीचे मंद दिवे

रात्री मोटार चालविणाऱ्या मनुष्याला रस्ता दिसतो तो त्याच्या गाडीच्या दिव्यांनी दाखविला तेवढाच. दिव्यांच्या प्रकाशाची जेथे सीमा, तेथे त्याच्या दृष्टीचीही सीमा. ही सीमा जवळ आली तरी गाडीचा वेग आपोआप कमी होत नाही आणि थांबण्यास लागणारे अंतरही घटत नाही. म्हणून जुन्या मोटारीचे दिवे मंदावणे ही केवळ गैरसोय नसून धोक्याची बाब आहे. असे दिवे पुष्कळदा बल्बच्या दोषामुळे मंद झालेले नसतात. बॅटरीतील वीज बल्बापर्यंत धडपणे पोहोचत नाही, एवढेच त्याचे कारण असते. ती का पोहोचत नाही आणि ती पोहोचविण्याचा उपाय कोणता, याचे विवेचन या पाठात केले आहे.

तंजावर–कुंभकोणम रस्ता

तमिळनाडूत तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारा सुमारे चाळीस किलोमीटरांचा रस्ता कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीमधून जातो. याच वाटेवर पापनाशम आणि स्वामिमलै यांच्या दरम्यान सुंदरपेरुमाळ कोयिल हे गाव असून तेथे लोहमार्गावरील स्थानकही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसले घराण्याचे राज्य होते, त्यामुळे हा प्रदेश मराठी वाचकास अगदीच अपरिचित नाही. अशा रस्त्यावर रात्री मोटारीच्या पुढे काय काय येऊ शकते, हे भातशेतीचा मुलूख पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बैलगाडीला मागे दिवा नसतो. भाताच्या पेंढ्याने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते. सुगीच्या दिवसांत डांबरी रस्त्यावरच धान्य वाळत घातलेले असते. गडद रंगाचे वस्त्र पांघरलेला पादचारी तर दिव्याच्या झोतात शिरेपर्यंत नजरेस पडत नाही.

आता या रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने एक जुनी मोटार चालली आहे, अशी कल्पना करावी. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग सेकंदास ५ मीटर या प्रमाणात कमी होत गेला, तर थांबेपर्यंत आणखी २८ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५३ मीटर झाले. दिवे पूर्ण तेजाने जळत असता एखादी काळसर वस्तू ६० मीटरांवरून दिसत असेल, तर गाडी तिच्या अलीकडे सात मीटरांवर थांबेल. हेच दिवे मंद असतील तर काय होईल, हे पुढील गणितावरून दिसेल.

कोणत्या मोटारींचा हा प्रश्न आहे

भारतातील दोन जुन्या मोटारींची नावे सर्वपरिचित आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. तिचा ‘डिलाइट’ हा प्रकार १९६४ मध्ये आला, आणि पुढे तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघर माहीत झाली. दुसरी हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर. तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे होत असे आणि ते २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले होते, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तथापि हौशी मंडळींनी जपलेल्या अशा गाड्या देशभर आजही चालू आहेत.

त्यांच्या काळी दिव्यांची मागणी बेताची होती. युरोपीय पद्धतीच्या साध्या बल्बात लांबच्या झोतासाठी ४५ वॅटचा व खालच्या झोतासाठी ४० वॅटचा तंतू असे. मोटारीसाठी हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ मध्ये आला. दोन तंतूंचा ‘एच-४’ हा प्रकार १९७१ मध्ये निघाला, आणि त्याचे तंतू ६० व ५५ वॅटचे असतात. अनेक जुन्या गाड्यांत नंतर हे बल्ब बसविले गेले, परंतु त्यांना वीज पुरविणाऱ्या तारा मात्र जुन्याच राहिल्या. भार वाढला आणि वाट तीच राहिली.

विजेची लांबलेली वाट

विद्युत्प्रवाहाची तुलना पाटाच्या पाण्याशी करण्याची पद्धत आहे, व येथे ती उपयोगी पडते. विहिरीवरून सोडलेले पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत किती जोमाने पोहोचेल, हे पाट किती लांब, किती रुंद आणि किती गाळाने भरलेला आहे, यावर अवलंबून असते. विजेच्या बाबतीत पाण्याच्या जोराच्या जागी विद्युद्दाब येतो आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. वाटेतील अडवणूक म्हणजे रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार वाटेत खर्ची पडणारा दाब हा प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो.

जुन्या मोटारीत ही वाट फार लांबची असते. बॅटरीपासून निघालेली तार इंजिनाच्या बाजूने चालकासमोरील फळीकडे येते. तेथे ती दिव्यांच्या स्विचमधून जाते. मग झोत वर-खाली करणाऱ्या डिपरमधून, नंतर फ्यूजपेटीतून जाऊन पुन्हा इंजिनाच्या बाजूने गाडीच्या तोंडाशी असलेल्या दिव्यांकडे परतते. दिव्यांतून निघालेला प्रवाह गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थिंगमधून, बॅटरीकडे जातो. म्हणजे दोन्ही दिव्यांचा संपूर्ण प्रवाह चालकाच्या बोटाखालील एका लहानशा स्विचमधून जात असतो. गाडी नवी असताना हे स्विच स्वच्छ असतात. तीस-चाळीस वर्षांत त्यांची पितळी टोके काळवंडतात, फ्यूजच्या पकडी ढिल्या पडतात, आणि दिव्याच्या मागील अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरतो.

दोन व्होल्टांचा हिशेब

दोन्ही दिवे मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात असे समजावे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. वाट सहा मीटर लांब असेल, तर तारेचा रोध सुमारे ०.१ ओहम झाला. १० अँपिअरला तेथे १ व्होल्ट खर्च होतो. स्विच, डिपर, फ्यूज व जोड अशा पाच ठिकाणी प्रत्येकी ०.०१५ ओहम रोध धरला, तर आणखी ०.७५ व्होल्ट जातो. गंजलेल्या अर्थिंगमध्ये ०.०२५ ओहम धरला, तर ०.२५ व्होल्ट जातो. एकूण घट २ व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी १३.५ व्होल्ट असतील, तर दिव्याला त्यांपैकी ११.५ व्होल्टच मिळतात.

शेकडा पंधरा भाग दाब कमी झाला, एवढ्यावरून प्रकाशही शेकडा पंधरानेच कमी होईल, असे वाटण्याचा संभव आहे. ते खरे नाही. तापलेल्या तंतूचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. तंतू थोडा थंड पडला की त्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांकडे वळतो, आणि जो प्रकाश उरतो तो पिवळट दिसतो. १३.५ व्होल्टांचा दाब व त्या दाबावरील प्रकाश हे दोन्ही १०० धरले, तर हिशेब असा येतो :

दाब ९५ टक्के — प्रकाश ८४ टक्के
दाब ९० टक्के — प्रकाश ७० टक्के
दाब ८५ टक्के — प्रकाश ५८ टक्के
दाब ८० टक्के — प्रकाश ४७ टक्के

आता पुन्हा त्या रात्रीच्या रस्त्याकडे वळावे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातो. म्हणून प्रकाश ५८ टक्के झाला, तर वस्तू दिसण्याचे अंतर ५८ टक्क्यांच्या वर्गमूळाइतके, म्हणजे सुमारे ७६ टक्के उरते. ६० मीटरांऐवजी चालकास आता सुमारे ४६ मीटरांवरच अडथळा दिसेल, आणि गाडी थांबण्यास तर ५३ मीटर लागतात. पूर्वी अडथळ्याच्या अलीकडे सात मीटर उरत होते. आता सुमारे सात मीटर कमी पडतात. तारेत हरवलेल्या दोन व्होल्टांची खरी किंमत ही आहे.

या दोन व्होल्टांचे पुढे काय होते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. ऊर्जा नष्ट होत नाही. २ व्होल्ट व १० अँपिअर यांचा गुणाकार २० वॅट होतो, आणि तेवढी उष्णता तारांत, स्विचांत व जोडांत निर्माण होत राहते. लहान सोल्डरिंग आयर्नला साधारण एवढीच शक्ती लागते. ज्या जोडाचा रोध अधिक, तेथे ती अधिक साठते. जोड तापला की त्याच्यावर गंजाचा थर वाढतो, थर वाढला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की जोड आणखी तापतो. जुन्या गाडीत दिव्यांचा स्विच हाताला गरम लागणे, हे या दुष्टचक्राचे लक्षण समजावे.

मोठा बल्ब हा उपाय का नव्हे

दिवे मंद झाले की अधिक वॅटचा बल्ब आणून बसवावा, असे अनेकांना सुचते. बाजारात १०० व ९० वॅटचे बल्बही मिळतात. परंतु दोन १०० वॅटचे तंतू सुमारे १६.७ अँपिअर प्रवाह मागतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जूल याने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. दाबाची घटही प्रवाहाच्या प्रमाणात फुगते, तेव्हा मागितलेला प्रकाश पुरता मिळत नाहीच, उलट तारेचे आवरण वितळण्याचा व आग लागण्याचा धोका उत्पन्न होतो. अति उष्णतेने दिव्याचा परावर्तक काळवंडतो, आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात ते निराळेच. अरुंद पाटात अधिक पाणी सोडल्याने शेवटचा वाफा भिजत नाही, पाटाचा बांध मात्र फुटतो.

रिलेची युक्ती

खरा उपाय असा की, दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जवळच्या वाटेने, जाड तारेतून न्यावा, आणि चालकाच्या स्विचकडे केवळ हुकूम देण्याचे काम ठेवावे. हे काम रिले नावाचे लहानसे उपकरण करते. पूर्वी डाकेच्या चौकीवर थकलेला घोडा बदलून ताजा घोडा मिळत असे. ‘रिले’ हा शब्द त्याच प्रथेतून आला. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास या तत्त्वाचा उपयोग केला, आणि पुढे तारायंत्रात दूरवरून क्षीण होऊन आलेला संदेश नव्या जोमाने पुढे पाठविण्यासाठी रिलेचा फार उपयोग झाला.

रिलेमध्ये बारीक तारेचे एक वेटोळे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेले असते. त्यातून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो आणि जवळची लोखंडी पट्टी ओढून घेतो. ती पट्टी दुसऱ्या, मोठ्या मंडलाची टोके जुळविते. वेटोळ्याला फक्त ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, परंतु जुळलेल्या टोकांतून ३० अँपिअरपर्यंत प्रवाह नेणारे रिले सहज मिळतात. पूर्वी स्विचमधून १० अँपिअर जात होते, आता त्याचा साठावा-सत्तरावा भागच जातो. स्विचच्या वाटेतील रोध तसाच असला तरी एवढ्या अल्प प्रवाहाला तो बाधत नाही.

कामाचा क्रम

प्रथम मोजमाप करावे. इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून दिवे लावावेत. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे दिव्याच्या होल्डरमधील धन टोकाला लावले, म्हणजे जाणाऱ्या वाटेवरील घट थेट वाचता येते. तसेच दिव्याचे अर्थिंग व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजल्यास परतीच्या वाटेवरील घट कळते. दोन्ही मिळून घट अर्ध्या व्होल्टाच्या आत असेल, तर तारा निर्दोष आहेत, आणि मंदपणाचे कारण काळवंडलेला परावर्तक, धुरकट काच किंवा जुना बल्ब यांत शोधावे. बॅटरीच्या टोकांशीच दाब कमी भरत असेल, तर डायनामो वा अल्टरनेटर व त्याचा नियामक तपासावा. जुने डायनामो इंजिन मंद चालत असता फारच थोडी वीज देतात. अशा गाडीचे दिवे चौकात उभे राहताच मलूल होतात, आणि हा दोष रिलेने जात नाही.

घट अधिक आढळल्यास प्रथम साफसफाई करावी. बॅटरीची टोके, फ्यूजच्या पकडी व अर्थिंगचे स्क्रू सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच निम्मा दोष जातो.

त्यानंतर रिले बसवावेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची तार काढून ठेवणे अवश्य आहे. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते, म्हणून कोणते टोक पत्र्याला आहे, ही खात्रीही आधीच करून घ्यावी. वरच्या झोतासाठी एक व खालच्या झोतासाठी एक, असे दोन रिले दिव्यांच्या जवळ, पाणी उडणार नाही अशा जागी बसवावेत. रिलेच्या टोकांवर अंक छापलेले असतात. ३० या टोकाला बॅटरीकडून येणारी २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तार जोडावी, आणि ८७ वरून तेवढ्याच जाडीची तार दिव्यांकडे न्यावी. पूर्वी दिव्याकडे जाणारी जुनी तार आता ८६ ला जोडावी आणि ८५ पत्र्याला. प्रत्येक दिव्याच्या अर्थिंगसाठीही तितक्याच जाडीची स्वतंत्र तार द्यावी, कारण जाण्याची वाट रुंद केली व परतीची गंजलेलीच ठेवली, तर श्रम अर्धे वाया जातात.

बॅटरीकडून निघणाऱ्या नव्या तारेत फ्यूज घालणे कधीही विसरू नये, आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. फ्यूज नसलेली जाड तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीची सर्व शक्ती त्या एका ठिकाणी उतरते व आग लागते. त्याखेरीज प्रत्येक दिव्याला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज दिला, तर एका दिव्यात बिघाड होऊन रस्त्यात दोन्ही बाजूंना एकदम अंधार होण्याचे संकट टळते. तारा पत्र्याच्या भोकातून जातात तेथे रबरी कडी घालाव्यात, आणि इंजिनाच्या तापलेल्या भागांपासून तारा दूर बांधाव्यात.

या नव्या वाटेचा हिशेब असा : दोन मीटर जाड तारेत ०.१४ व्होल्ट, फ्यूज व रिलेच्या टोकांत ०.१५ व्होल्ट, अर्थिंगमध्ये ०.१ व्होल्ट, म्हणजे एकूण सुमारे ०.४ व्होल्ट. दिव्याला आता १३.१ व्होल्ट, म्हणजे ९७ टक्के दाब मिळतो, आणि प्रकाश ९० टक्क्यांवर जातो. अडथळा दिसण्याचे अंतर सुमारे ५७ मीटर होते. गाडी ५३ मीटरांत थांबते. बल्ब तोच, बॅटरी तीच, तरी प्रकाश पूर्वीच्या दीडपटीहून अधिक झाला.

शेवटी झोताची दिशा पाहावी. समतल जागी भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करून खालच्या झोताची वरची कड भिंतीवर दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. दिवे तेजस्वी झाले आणि झोत उंच राहिला, तर स्वतःचा धोका टाळताना समोरच्याला धोका उत्पन्न होईल.

या सुधारणेची एक किंमतही आहे. पूर्ण दाब मिळालेला तंतू अर्धवट दाबावरील तंतूपेक्षा लवकर झिजतो. त्याच्या विहित दाबापेक्षा पाच टक्के अधिक दाब पडला, तर त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून नियामक अधिक दाब देत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. बल्ब थोडा लवकर बदलावा लागला तरी रस्ता दिसत असल्याने तो खर्च वावगा म्हणता येत नाही.

प्रयोग

चार कोरडे सेल एकापुढे एक जोडून ६ व्होल्टांची बॅटरी तयार करावी. त्यावर अर्धा अँपिअर प्रवाह घेणारा ६ व्होल्टांचा लहान बल्ब आधी आखूड जाड तारांनी लावून पाहावा. नंतर ०.३५ मिलिमीटर व्यासाची इनॅमलची तार घेऊन, तिची टोके खरवडून, जाण्यास पाच व येण्यास पाच मीटर अशी वाट करावी. दोन्ही वेळा बॅटरीच्या व बल्बच्या टोकांशी दाब मोजून लिहून ठेवावा. दुसऱ्या वेळी तारेत पाऊण व्होल्टाच्या आसपास घट दिसेल, आणि बल्ब पिवळट व मंद दिसेल.

प्रश्न

१. वरील प्रयोगातील तारेचा रोध काढा. तारेचा छेद दुप्पट केल्यास दाबाची घट किती राहील?

२. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबण्यास किती अंतर लागेल? पाठातील सुधारलेले दिवे त्या वेगाला पुरेसे आहेत काय? नसल्यास चालकाने काय करावे?

३. शेतातील विजेचा पंप खांबापासून दूर असेल आणि तार बारीक असेल, तर मोटर गरम का होते? पाठातील तत्त्वाच्या आधारे सांगा.